घर विकायचंय? आधी वासाचं पाहा



गणपतीच्या गडबडीत आलेल्या पत्रांमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र होतं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं त्यांचं घर. वर गच्ची, इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की खुर्चीत बसवून चार माणसांनी जिना उतरवायचा. म्हणून हे घर विकून लिफ्टचं किंवा तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरलंय. गणपतीआधी तिघेजण घर पाहून गेले. तिसऱ्या खेपेला आलेल्या बाईंनी आतल्या खोलीच्या दारातच नाकाला पदर लावला. रात्री एजंटचा फोन आला, "वहिनी, घर चांगलं आहे हो, पण जरा वासाचं बघा."

यजमान म्हणतात, चार सुगंधी स्प्रे आणून ठेवू. दीर म्हणतात, गिऱ्हाईक यायच्या दिवशी आईला ताईकडे नेऊन ठेवू. आणि ही बाई लिहिते, "मी रोज फिनेल घालून लादी पुसते, दिवसातून दोनदा चादरी बदलते. तरी हे ऐकून घ्यावं लागलं. मी नेमकं करू तरी काय?"

पत्र वाचून वाईट वाटलं. नळ गळला तर प्लंबरला बोल लागतो, छत गळलं तर सोसायटीला. घराला वास आला की मात्र सगळ्यांच्या नजरा घरच्या बाईकडे वळतात! खरं सांगू का, घरातले बरेचसे वास आळसाने येत नाहीत. ते पाण्याचे, तेलाचे आणि कापसाचे असतात. नेमका कुठला वास कुठून येतो हे कळलं की काम निम्मं होतं. म्हणून आजचं सदर या एकाच विषयाला दिलंय. घर विकायचं नसलं तरी वाचा, उपयोगी पडेल.

आपलं नाक आपल्याला फसवतं

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. यात आपला दोष नाही, नाकाची रीतच तशी आहे. एकच वास सतत आला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. फुलवालीला मोगऱ्याचा वास जाणवत नाही आणि कोळणीला मासळीचा जाणवत नाही, तो यामुळेच. तेव्हा "आम्हाला तर काही वास येत नाही" या म्हणण्याला अर्थ नाही.

मग कसं ओळखायचं? सकाळी लवकर, खिडक्या उघडण्यापूर्वी घराबाहेर पडा. तासदोन तास मोकळ्या हवेत काढा, भाजी आणा, देवळात जाऊन या. परत आल्यावर दार उघडून उंबऱ्यातच थांबा आणि पहिला श्वास घ्या. जो वास येईल तो कागदावर लिहा. मग एकेका खोलीत जा. कपाटं उघडा, पलंगाखाली वाका, मोरीच्या जाळीजवळ जा. कुबट, आंबूस, तेलकट, उग्र, जो शब्द सुचेल तो लिहा. नाक पुन्हा सरावायच्या आत हे पाचएक मिनिटांत उरकायला हवं. दुसरी युक्ती म्हणजे फटकळ शेजारीण! भिडस्त मैत्रीण "छे गं, काही नाही" म्हणेल. जिच्या तोंडाला फाटा नाही अशा एखादीला बोलवा आणि सांगा, "रागावणार नाही, खरं ते सांग."

ही यादी झाल्याशिवाय बाजारातून काही आणू नका. स्प्रे, उदबत्ती, सुगंधी वड्या यांनी वास जात नाही, त्यावर दुसरा वास बसतो आणि दोन्ही मिळून तिसराच, अधिक विचित्र वास तयार होतो. शिवाय घर घेणारी माणसं काही भोळी नसतात. दारातच चंदनाचा भपकारा आला की त्यांच्या मनात पहिला विचार येतो, "हे काय झाकताहेत?"

पितृपंधरवड्याचा उपयोग करा

आपल्याकडे पितृपंधरवड्यात घराचे व्यवहार सहसा कुणी करत नाही. गिऱ्हाईक येतं ते घट बसल्यावर, दसऱ्याच्या मुहूर्ताकडे डोळा ठेवून. नाहीतरी नवरात्रापूर्वी आपण घर काढतोच. ते पंधरा दिवस या कामाला द्या. पाऊस ओसरत आलेला असतो, अधूनमधून चांगलं ऊन पडतं आणि चार महिन्यांत भिंतींनी किती पाणी प्यायलंय तेही स्पष्ट दिसतं. कामाचा क्रम मात्र चुकवू नका. आधी ओल, मग मोरी, मग स्वयंपाकघर आणि शेवटी कापडचोपड. उलट क्रमाने केलंत तर धुतलेले पडदे पुन्हा कुबट होतील.

ओल : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

कुबट वास म्हणजे बुरशी आणि बुरशी म्हणजे पाणी. घर पाहायला आलेला जाणता माणूस तुमच्या फोडणीच्या वासाला घाबरत नाही, तो घाबरतो या वासाला. कारण त्यामागे हजारोंचा खर्च असतो हे त्याला ठाऊक असतं.

छतावर पिवळट वर्तुळं आहेत का पाहा. भिंतीचे पोपडे निघालेत का, लोणा लागून पांढरी पूड पडते का, मोरीच्या पाठच्या भिंतीला कपाट टेकवलेलं आहे का, तेही पाहा. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओलसर असेल तर भिंत ठीक आहे, हवाच दमट आहे. घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घातल्याने किंवा बंद खिडक्यांमुळे असं होतं. यावर खिडक्या उघडणं, पंखा लावणं आणि कपडे गॅलरीत वाळवणं एवढं पुरतं.

पाणी भिंतीतून येत असेल तर मात्र कुठून ते शोधायलाच हवं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर सोसायटीला लेखी अर्ज द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याच्या छताची जी खराबी होते, तिची दुरुस्ती संस्थेने करायची असते. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. आपल्याच मोरीचा पाइप किंवा लाद्यांच्या फटी गळत असतील तर तो खर्च आपला.

गळती थांबली की पोपडे खरवडून काढा, तेही भिंत किंचित ओली करून आणि नाकाला रुमाल बांधून, म्हणजे बुरशीची धूळ उडणार नाही. आजारी माणसाला आणि लहान मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. लाद्यांवरची बुरशी ब्लीचच्या पाण्याने जाते. गिलाव्यात खोल गेलेली बुरशी मात्र वरवर पुसून जात नाही, तो भाग खरवडावाच लागतो. मग भिंत वाळू द्या. याला आठवडे लागतात, पंखा लावला तरी. ओल्या भिंतीवर रंग दिला तर दोन महिन्यांत पुन्हा फुगतो.

इथे एक कडू गोष्ट सांगते. "रंगाचा एक हात मारा, गिऱ्हाइकाला काय कळतंय?" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ सालचा कायदा सांगतो की घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितला पाहिजे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. पुढच्या जुलैत त्याच भिंतीला टेकून एखादी बाळंतीण झोपलेली असेल. आपण त्या जागी असतो तर आपल्याला काय वाटलं असतं? गळती कुठे होती, कधी दुरुस्त केली, कुणाकडून केली हे सरळ सांगावं आणि बिल दाखवावं. असं सांगणाऱ्या माणसावर गिऱ्हाइकाचा विश्वासच बसतो.

मोरी आणि संडास

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत दर जूनला एक तक्रार ठरलेली असते. महिना-दीड महिना बंद असलेल्या वर्गांजवळच्या मोरीतून गटाराचा वास येतो. शिपाईमामा काही औषध टाकत नाहीत, फक्त बादलीभर पाणी ओततात आणि थोड्या वेळात वास थांबतो. जादू नाही हो! मोरीच्या जाळीखाली वाकडी वाटी असते, तिला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचलेलं राहतं आणि ते पाणी गटारातल्या वायूला अडवतं. मोरी वापरात नसली की उन्हाळ्यात ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते.

विकायला काढलेलं घर बंद असेल तर हे हमखास होतं. दर आठवड्याला प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि संडासात तांब्या-दोन तांबे पाणी ओतायची व्यवस्था करा. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर खोबरेल सोडा. तेलाचा पातळ थर आला की पाणी लवकर उडत नाही.

राहत्या घरातल्या मोरीला वास येत असेल तर जाळी उचला. केस, साबणाचा चिकटा, भाताची शितं असा गाळ आत असतो. हातमोजे घालून तो काढा, जुन्या ब्रशने वाटी घासा आणि गरम साबणपाणी ओता. गाळ तसाच ठेवून वरून फिनेल ओतणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर लावणं! बेसिनखालचा नळकांड्याचा पाइप गटाराच्या तोंडात नुसता खुपसलेला असतो, तिथली फटही बुजवून घ्या. एवढं करूनही वास येत राहिला तर वाटीला तडा गेलेला असू शकतो. मग प्लंबरला बोलवा.

स्वयंपाकघर

वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा धूर तेल घेऊन वर जातो आणि थंड जागी बसतो. एक्झॉस्ट पंखा, चिमणीची जाळी, माळ्याची कड, ट्यूबलाइटची पट्टी, फ्रिजचा माथा ही त्याची ठिकाणं. तिथलं तेल खवट होतं आणि त्याचाच तो जुना तेलकट वास. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून पंख्याची पाती आणि जाळ्या त्यात अर्धा तास भिजवा, मग घासा. पंख्याचा प्लग आधी काढायचा, हे सांगायला नको. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला काळं करतो, म्हणून अॅल्युमिनियमच्या जाळीला नुसतं भांड्यांचं साबणपाणी वापरा. भिंतीच्या टाइल्स आणि कपाटांची दारं साबणपाण्याने पुसा.

हिंग, गोडा मसाला, सुकट-बोंबील यांचे डबे घट्ट झाकणाचे हवेत. हिंगाच्या उग्र वासामागे गंधकाची द्रव्यं असतात. ती प्लॅस्टिकच्या डब्यात मुरतात, काचेच्या बरणीत मुरत नाहीत. फ्रिज रिकामा करून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा. मागच्या बाजूला खाली पाणी साचायची ताटली असते, ती बहुतेक घरांत वर्षभर कुणी पाहिलेली नसते. ती काढून धुवा. फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घड्याही पुसा.

आता मासळीविषयी. समुद्राची मासळी जुनी होत गेली की तिच्यात एक द्रव्य तयार होतं, हिवस वास येतो तो त्याचा. ते द्रव्य सोड्याच्या जातीचं, म्हणजे अल्कधर्मी असल्यामुळे आंबट पदार्थ लागला की त्याचा वास दबतो. आपल्या आज्यांनी मासळीला चिंच, कोकम, लिंबू लावलं ते चवीसाठी तर होतंच, पण हा गुणही त्यांच्या हाताला ठाऊक होता. तेव्हा मासे चिरलेला पाट, विळी, हात आणि बेसिन यांना आधी लिंबाची साल किंवा व्हिनेगर चोळा आणि मग साबण लावा. सालं-काटे कागदात गुंडाळून त्याच वेळी बाहेरच्या कचऱ्यात टाका. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा ओट्यावर ठेवू नका.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. मुंबईत काही सोसायट्यांमध्ये मासे-मटण खाणाऱ्यांना घर द्यायला नाही म्हणतात, हे आपण ऐकत आलोय. त्यामुळे काही भगिनी गिऱ्हाइकासमोर खालमानेने सांगतात, "आम्ही कधीतरीच करतो हो!" कशासाठी? रविवारच्या कालवणाचा वास ही घाण नव्हे. तो संध्याकाळपर्यंत निघून जातो. राहतो तो न धुतलेल्या पाटाचा आणि तुंबलेल्या मोरीचा वास, आणि तो शाकाहारी घरातही तितकाच येतो.

आजारी माणसाची खोली

पत्रलेखिकेची खरी अडचण इथेच आहे, आणि अनेकींची असणार.

लघवी मुरलेली कापसाची गादी कितीही उन्हात टाका, दमट दिवशी वास पुन्हा उठतो. पिंजून आणली तरी कापूस तोच. जीव कासावीस होतो, पण ती गादी काढून टाकाच. नवीन गादीला आधी रेक्झिनचं किंवा पाणी न झिरपणारं आवरण घाला, त्यावर चादर, त्यावर धुता येणारा कपडा. पलंगाची फळी बाहेर काढून साबणपाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि चालेल तर वॉर्निशचा हात द्या, म्हणजे पुढे ओल मुरणार नाही. उशांनाही डोक्याच्या तेलाचा वास असतो, त्याही बदला. पडदे, पायपुसणी, भिंतीला टांगलेली शाल हे सगळं धुवायला काढा.

लादीवरचा लघवीचा वास फिनेलने दबतो, जात नाही. आधी भरपूर पाणी आणि साबणाने फटी घासा. कुत्र्या-मांजरांच्या वस्तूंच्या दुकानांत लघवीचा वास घालवणारी एन्झाइमची द्रावणं मिळतात, ती इथेही चालतात. बाटलीवर लिहिलेला वेळ ती ओली राहू द्या, लगेच पुसू नका. मांजराने सोफ्यावर केलं असेल तरी उपाय हाच. व्हिनेगर वास मारतो खरा, पण शहाबादी, कोटा, संगमरवरी आणि मोझॅक लाद्यांवर कुठलाही आंबट पदार्थ किंवा अॅसिड वापरू नका, दगड खाल्ला जातो. भांडं वापरल्याबरोबर रिकामं करून गरम साबणपाण्याने धुवायचं. डायपर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकायचे आणि रोज बाहेर द्यायचे.

आणि हे नीट वाचा. इतकी निगा राखूनही रुग्णाच्या अंगाला वास येत असेल तर पाठ, कंबर आणि टाचा पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथे जखमा होतात आणि त्या चिघळल्या की वास येतो. लघवीला अचानक उग्र वास येऊ लागला, सोबत ताप असला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर संसर्ग असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायला उशीर नको. घरविक्री चार दिवस थांबली तरी चालेल.

आता दीरांच्या सूचनेविषयी. सासूबाईंना ताईंकडे न्यायचं का, हे आधी सासूबाईंनाच विचारा. त्यांना लेकीकडे जावंसं वाटत असेल तर आनंदाने न्या. पण केवळ गिऱ्हाइकाच्या नजरेआड करण्यासाठी चार माणसांनी खुर्ची उचलून चार जिने उतरवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा चढवायच्या, हे मला पटत नाही. त्यांच्याचसाठी तर हे घर विकायला काढलंय ना? त्या दिवशी सकाळी त्यांचं अंग पुसून, धुतलेलं पातळ नेसवून, केस विंचरून खिडकीजवळ बसवा. आणि गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगा, "आईंना जिना जमत नाही, म्हणून लिफ्टचं घर घेतोय." घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात प्रश्न असतोच की हे लोक का विकताहेत. त्याचं इतकं सरळ उत्तर समोरच बसलेलं असेल तर लपवायचं कशाला?

कपाटं, माळा आणि सिगारेटचा धूर

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि रिकामी करून दिवसभर उघडी ठेवा. रद्दी, जुनी पुस्तकं, तुटक्या चपला, गोधड्यांची गाठोडी देऊन टाका. नाहीतरी नव्या घरी न्यायची नाहीत. उरलेल्या गोधड्यांना दोन दिवस ऊन द्या. कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवा. डांबराच्या गोळ्यांचा भडिमार करू नका. त्यांचा उग्र वास गिऱ्हाइकाला आवडत नाहीच, आणि नॅप्थलीनच्या गोळ्या तान्ह्या मुलांना, विशेषतः 'जी सिक्स पी डी' या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना, अपायकारक ठरतात. कापूरही मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. पोटात गेला तर विषबाधा होते.

घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल तर धुराचा चिकट थर भिंती, छत आणि पंख्यांवर बसलेला असतो. नुसता रंग दिला तर डाग आणि वास वर येतात. भिंती आधी साबणपाण्याने धुवा, वाळवा, प्रायमर द्या आणि मग रंग. आणि त्या गृहस्थांना विक्री होईपर्यंत तरी गॅलरी दाखवा! त्यानंतरही आत येऊ दिलं नाही तर अधिक चांगलं.

दोन सावधगिरीच्या सूचना

साफसफाईच्या उत्साहात ब्लीच आणि संडास धुण्याचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठही वापरू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाचं द्रावणही एकत्र चालत नाही. लहान बंद मोरीत हे जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. तेव्हा तो वास घालवायचा नसतो, ऐकायचा असतो. ओट्याखाली जरा जरी शंका आली तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका आणि काडी पेटवू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास तक्रार घेतात.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी

आदल्या रात्री कचरा बाहेर द्या आणि खरकटी भांडी ठेवू नका. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडा. एकच खिडकी उघडून हवा खेळत नाही, तिला आत यायला आणि बाहेर जायला अशी दोन दारं लागतात. तळण, मासे, लसणाची फोडणी त्या दिवशी नको, साधा वरण-भात पुरे. ओली फडकी आणि पायपुसणी गॅलरीत टाका. लादी साध्या पाण्याने पुसून पंखा लावा. देवापाशी रोजची एक उदबत्ती लावत असाल तर लावा, पुडा पेटवू नका. मग दहा मिनिटं बाहेर जिन्यात उभ्या राहून पुन्हा आत या आणि पहिला श्वास घ्या. कसलाच वास आला नाही तर समजा, काम फत्ते. घराला कसलाच वास नसणं हाच विकाऊ घराचा उत्तम वास!

तुमच्या घरातला एखादा हट्टी वास तुम्ही कसा घालवलात ते जरूर लिहून कळवा. पत्रावर 'वास' असा शब्द लिहा, म्हणजे मला निवडायला सोपं जाईल. निवडक युक्त्या दिवाळीनंतरच्या अंकात देईन. पुढच्या आठवड्यात फराळाच्या तेलाविषयी बोलू : किती आणायचं, कसं साठवायचं आणि चकलीचं उरलेलं तेल किती वेळा वापरायचं.